स्वेटर गुरुवारपर्यंत हवेत

सोमवार, ६

आज दुकानात एका दमात तीनशे चाळीस चादरी आल्या. महिनाभर ही वही उघडली नव्हती, कारण लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. आता घडलं तर लिहायला हात उचलत नाही, इतके खांदे भरून आलेत.

काल बंदरात त्या मोठ्या देशाचं लढाऊ जहाज येऊन उभं राहिलं. वर्तमानपत्रात ‘मैत्रीभेट’ असं छापलंय. आमच्या गच्चीवरून दिसतं. वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागे समुद्र दिसायचा, आता जहाजच दिसतं. इस्त्रीकाकांनी वर जाऊन बघितलं आणि खाली येऊन म्हणाले, “मैत्रीला येताना लोक फळं आणतात. यांनी तोफा आणल्यात.” काका दिवसाकाठी चार वाक्यं बोलतात, त्यातलं एक आज सकाळीच खर्च झालं.

जहाजावरची धुलाईची यंत्रं बिघडली आहेत म्हणे. बंदरातल्या तिन्ही लाँड्र्या बघून त्यांचा माणूस आमच्याकडे आला, कारण इतकी मोठी गच्ची फक्त आपल्याकडे आहे. आईने गच्चीसाठीच हे घर घेतलं होतं, तेव्हा सगळे हसले होते. आज ती हवी होती.

मंगळवार, ७

जहाजाच्या माणसाचं मी ‘याद्यावाला’ नाव ठेवलं. आपल्या दुकानात कपड्यांच्या चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, खूण लिहायची, हा आईचा नियम. एकाच नावाची दहा माणसं असतात, पण ‘कुत्रेवाल्या बाई’ एकच. कापडाची पट्टी, त्यावर पक्क्या शाईने खूण, आणि गळ्याच्या आत दोन टाके. ‘दुसरे दंतवैद्य’, ‘कायम घाईत’, ‘तिसरा मजला (भांडखोर)’. गिऱ्हाइकांना माहीत आहे, कुणी रागावत नाही. भांडखोर बाई तर स्वतःच सांगतात, भांडखोरचे द्या.

तर याद्यावाला. पन्नाशीचा, टक्कल, डोळे थकलेले. त्याच्या हातात कायम यादी. आमची भाषा त्याला चाळीसेक शब्द येते आणि त्यातले निम्मे आकडे. बाकी सगळं हातवारे करून. नऊ महिने घर बघितलं नाही, हे त्याने बोटांवर मोजून सांगितलं. मी त्याला चहा दिला. तो कप दोन्ही हातांत धरून बसला आणि पिईना, नुसता धरून बसला.

आणि आता खरी बातमी. संध्याकाळी धाकटा आला.

माझा भाऊ. तीन वर्षांनी. दारात उभा राहून म्हणाला, “ताई, आत येऊ?” मी म्हटलं, “दुकान आहे, कुणीही येतं.” असं बोलायचं नव्हतं, पण माझी जीभ माझ्या आधी धावते. तरी तो आत आला. अर्धा तास बसला. जाताना म्हणाला, उद्या-परवा येतो.

इस्त्रीकाका इस्त्री फिरवत होते. म्हणाले, “आज कशी आठवण झाली?” मी म्हटलं, रक्ताचं नातं आहे, आज ना उद्या ओढ लागतेच. काकांनी पुढचा शर्ट ओढला, त्यांची चार वाक्यं संपली असणार.

गुरुवार, ९

धाकटा आला! येतो म्हणाला आणि आला.

आई गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. कपड्यांच्या गरम ढिगात झोपवून मी त्याला वाढवलं. त्याला कॉलेजात घातलं, परराष्ट्र खात्यात लागला. लागला तेव्हा त्याचा पहिला शर्ट मी असा कडक केला होता की बसताना आवाज यायचा. मग तीन वर्षांपूर्वी त्याला बढती मिळाली आणि त्याने जेवण ठेवलं. मी चांगली साडी नेसून गेले. त्याच्या साहेबांनी माझ्या हातांकडे बघितलं, शाई कधी पूर्ण जात नाही. विचारलं, “या कोण?” आणि माझा भाऊ म्हणाला, “ओळखीच्या आहेत.”

ओळखीच्या! मी ताटावरून उठले ती घरी आले. पुढच्या आठवड्यात त्याचे शर्ट धुवायला आले. त्याच्या गळपट्टीत नेहमी लाल दोऱ्याने ‘धाकटा’ असायचं. मी ते उसवलं आणि ‘ओळखीचे’ लिहून टाके घातले. तो कपडे न्यायला आला, पट्टी वाचली, आणि गेला तो गेलाच. भावजय मधूनमधून फोन करते, “वन्सं, तुम्ही तरी मोठ्या व्हा.” मी आधीच मोठी आहे, अजून किती होऊ?

असो. आज दीड तास बसला. आणि काय काय विचारलं! किती कपडे आले, कसले आले, कधी परत हवेत, कोण येतं, काय बोलतं. आयुष्यात कधी माझ्या कामाबद्दल विचारलं नाही त्याने. तीन वर्षांनी का होईना, बहीण काय करते हे त्याला जाणून घ्यावंसं वाटलं. मी पण सगळं सांगितलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे जगाला ठाऊक आहे. तो मध्येच खिशातल्या छोट्या वहीत काहीतरी लिहीत होता. भावजयीने सामान सांगितलं असेल. बिचारा, ऑफिस करून वर बाजारहाट.

रविवार, १२

दुकान बंद, तरी आला. माझ्या गुडघ्यासाठी मलम आणलं. चढ-उतार करताना मी धरून चालते ते बघितलं असणार. वरचं शटर कुरकुरतं म्हणून त्याला तेल घातलं, स्वतःचा शर्ट काळा केला. मग घडी केलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर जरा टेकतो म्हणाला आणि चक्क झोपला. तोंड उघडं, लहानपणी झोपायचा तसा. केस पांढरे झालेत त्याचे. मी दोन तास यंत्र चालू केलं नाही.

उठल्यावर गच्चीत बसलो. ऑफिसात फार ताण आहे म्हणाला. त्या मोठ्या देशाला आपलं बाहेरचं बेट नव्व्याण्णव वर्षांच्या कराराने हवंय, त्यांच्या जहाजांसाठी. बोलणी चालू आहेत आणि हा त्यात साहेबांच्या शेजारी कागद घेऊन बसतो. चोवीस तारखेला, शुक्रवारी सही करा, असं त्यांचं म्हणणं. करार झाला तर बेटावरच्या माणसांना हलवणार.

बेटावर आपली मावशी आहे. ऐंशी वर्षांची. तिला बाजेवरून हलवायचं तर ती काठी उगारते.

“नाही म्हणता येत नाही का?” मी विचारलं.

त्याने जहाजाकडे बोट दाखवलं. “ते खिडकीतून दिसत असताना? त्यांचा वकील आवाजसुद्धा चढवत नाही, ताई. बोलता बोलता नुसता खिडकीकडे बघतो. आमच्यातले निम्मे लोक तेवढ्यानेच घाम पुसतात.”

बळी तो कान पिळी, दुसरं काय. शाळेत असताना त्याला एक दांडगट मुलगा छळायचा, तेव्हा मी जाऊन त्या मुलाला ओला टॉवेल फेकून मारला होता. आता मारायला इतका मोठा टॉवेल कुठून आणू?

मंगळवार, १४

आज याद्यावाल्याने जाड कापडाची प्रचंड खोळवजा झाकणं आणली. तीन माणसांना एक उचलेना. म्हटलं हे काय, तर त्याने हाताने लांब नळी दाखवली आणि तोंडाने “ढुम्” केलं. तोफांची झाकणं! सावकाश धुवा म्हणाला, एवढ्यात लागणार नाहीत. हे सांगताना खाली बघत होता. त्याला काही ते आवडलेलं दिसलं नाही, पण त्याच्या आवडीला कोण विचारतं.

संध्याकाळी गच्चीवरून बघितलं तर तोफा उघड्या. सरकारी इमारतीच्या दिशेने. मैत्रीभेट!

धाकट्याला सांगितलं. तो म्हणाला, “हो, आज सगळ्यांनी बघितलं.” आणि चहात साखर दोनदा घातली.

शुक्रवार, १७

अधिकाऱ्यांचे समारंभाचे पांढरे पोशाख आले. चौऱ्याऐंशी. कडक खळ, सोनेरी गुंड्या काढून पुन्हा लावायच्या. पुढच्या शुक्रवारी सकाळी हवेत. म्हणजे सहीचा सोहळा ठरल्यातच जमा आहे त्यांच्या मनात. पोशाख धुतले, पण खळ आदल्या दिवशी लावायची, नाहीतर पिवळटपणा येतो.

धाकटा रोज येतो. रोज! भावजय फोनवर म्हणाली, घरी तर दिसतच नाहीत. मी मनातून सुखावले, खोटं कशाला लिहू.

सोमवार, २०

आज डोकं फिरायची पाळी. अंगाची लाही लाही होतेय, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय, आणि याद्यावाला काय घेऊन यावा? लोकरीचे स्वेटर! दोनशे बारा! पेटीत ठेवून कुबट झालेले, जाडजूड. गुरुवारी दुपारपर्यंत हवेतच. आणि पांढऱ्या पोशाखांचं काय? तर हात झटकून म्हणाला, राहू दे, खळ नको, तसेच द्या.

आता लोकर काय यंत्रात टाकायची वस्तू आहे? गार पाण्यात भिजवायची, पिळायची नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायची, आणि आडवी वाळवायची, दोरीवर टाकली तर बाह्या गुडघ्यापर्यंत येतात. दोनशे बारा स्वेटर आडवे कुठे पसरू, माझ्या डोक्यावर? मी त्याला विचारलं, या उकाड्यात कशाला हवेत मेले? त्याने दोन्ही हात छातीशी धरून थडथड कापून दाखवलं, दातसुद्धा वाजवले. आम्ही दोघं हसलो. मग त्याने एक स्वेटर बाजूला काढला, निळा, कोपरावर विरलेला. “आई,” म्हणाला. त्याच्या आईने विणलेला. हा शब्द त्याला बरोबर येतो. मी म्हटलं, याला मी स्वतः हात लावीन.

संध्याकाळी धाकट्यापुढे सगळी कटकट ओकून टाकली. स्वेटर म्हटल्यावर त्याचा कप ओठाशी थांबला. “लोकरीचे? गुरुवारी? आणि पांढरे राहू दे म्हणाला? ताई, नक्की?” मी म्हटलं, दोनशे बारा वेळा नक्की. तर तो अर्धा चहा टाकून उठला आणि पळत सुटला. बूट इथेच. मोजे घातलेल्या पायांनी टॅक्सीत बसला.

चहा बिघडला होता की काय? चाखून बघितला. ठीक होता.

बुधवार, २२

नाकी नऊ आले. शेजारच्या शाळेतून बाकं मागून आणली, चार घरांच्या गच्च्या मागितल्या, सगळीकडे स्वेटर निजलेत. भांडखोर बाईंनी न भांडता दोन खाटा दिल्या. निळ्या स्वेटरचं कोपर रफू केलं, एक गुंडी नव्हती ती लाकडी लावली. धाकटा दोन दिवस आला नाही. कामात असेल.

गुरुवार, २३

दुपारी बारा वाजता स्वेटर मोजून दिले. झाकणं अजून ओलसर होती, मी नको म्हणत होते, बुरशी धरेल. तरी नेली. घाई फार. याद्यावाल्याने निळा स्वेटर उघडून कोपर बघितलं, मग माझा हात दोन्ही हातांत धरला, त्या दिवशी कप धरला होता तसा. कुणाच्या तरी आईचं लेकरू, कुठल्या थंडीत चाललंय कोण जाणे.

शुक्रवार, २४

सकाळी गच्चीत गेले तर समोर नुसता समुद्र.

संध्याकाळी धाकटा आला, दारातूनच “ताई!” म्हणून ओरडला आणि मला उचलायलाच लागला. माझा गुडघा, मी ओरडले. सही झाली नाही! “त्यांचा वकील रोज सांगायचा, सही होईपर्यंत जहाज हलणार नाही. सोमवारी होकाराच्या पत्रावर सही करायला साहेबांनी पेन हातात घेतलं होतं, ताई. टोपण काढलं होतं. मी मोज्यांवर धावत गेलो आणि त्यांच्या कानात सांगितलं, शुक्रवारपर्यंत ताणा, जहाज गुरुवारी चाललंय. उत्तरेला कुठेतरी दुसरं मोठं लचांड निघालंय त्यांचं. आज सकाळी वकील खिडकीकडे बघायला गेला आणि बघायला काहीच नव्हतं! बेट राहिलं. निदान या वेळी तरी राहिलं.”

मी हसत होते. मावशीची काठी आठवत होते. “पण तुला कसं कळलं गुरुवारी जाणार ते?”

“कसं म्हणजे? स्वेटरांवरून!”

आम्ही दोघं हसलो. मग मी एकटीच थांबले. छोटी वही आठवली. किती आले, कसले आले, कधी हवेत.

“म्हणजे तू याद्यांसाठी येत होतास,” मी म्हटलं. “ताकाला जाऊन भांडं लपवत होतास. साहेबांनी पाठवलं होतं?”

“पहिल्या दिवशी… हो. पण ताई—”

“आणि साहेबांना काय सांगितलंस? ही बातमी दिली कुणी?”

तो खाली बघायला लागला. “एका ओळखीच्या बाईंनी,” म्हणाला. “कागदावर तसंच लिहिलंय. ऐक तरी, तुझं नाव लिहिलं असतं तर—”

पुढचं मी ऐकलं नाही. त्याचे बूट रस्त्यावर फेकले, मागोमाग तो गेला. शटर ओढलं. कुरकुरलंसुद्धा नाही मेलं, त्यानेच तेल घातलंय.

शनिवार, २५

काम केलं.

बुधवार, २९

आला नाही. गरज सरो, वैद्य मरो. मी काही वाट बघत नाही.

वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटतं. आईचा आणखी एक नियम होता: गिऱ्हाइकाच्या खिशात सापडलेलं आणि कपड्यांवर दिसलेलं या दाराबाहेर जायचं नाही. चाळीस वर्षं पाळला. आणि त्या बिचाऱ्याने मला हसत हसत कापून दाखवलं ते मी जाऊन सांगितलं. भावाला सांगितलं असं मला वाटलं होतं. तो भाऊ नव्हता, खातं होतं. बेट वाचलं हे बरंच झालं, मावशीसाठी मी पुन्हा सांगेनही. पण जाणूनबुजून सांगेन. असं फसवून नको.

शुक्रवार, ३१

इस्त्रीकाकांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी एक शर्ट पुरा केला. मग म्हणाले, “त्या मोठ्या देशाच्या हाती तो कागद लागला आणि त्यात तुमचं नाव असलं, तर?” मी म्हटलं, तर काय? “तर दुकान राहील?” मी म्हटलं, काका, तुम्हाला यातलं काही कळत नाही. “बरं,” म्हणाले आणि इस्त्री उचलली.

गुडघा फार दुखत होता. मलम संपत आलंय. चोळता चोळता मनात आलं, याद्या न्यायच्या तर मलम कशाला आणावं लागतं? आणि शटरला तेल? आणि रविवारी तर दुकान बंद, त्या दिवशी यादी नव्हतीच. दोन तास झोपला होता नुसता. झोपलेला माणूस काय हेरगिरी करतो?

ते काही मी कुणाजवळ कबूल करणार नाही. वहीत लिहिलं तेवढं पुरे. ये रे बाबा आता. मी नाही यायची, मोठी आहे ना.

सोमवार, ३

दुपारी बारा, दुकानात गर्दीची वेळ. कुत्रेवाल्या बाई, दुसरे दंतवैद्य, भांडखोर, सगळे रांगेत. रांगेच्या शेवटी धाकटा. भर ऑफिसच्या वेळेला, हातात शर्टांचं बोचकं, आणि शेजारी एक उंच गृहस्थ कोट घेऊन. मी ओळखलं. तेच साहेब, त्या जेवणाचे.

मी मागच्या टेबलावर मान खाली घालून टाके घालत राहिले. तो रांगेतून पुढे आला नाही, सगळ्यांसारखा उभा राहिला. नंबर आला तेव्हा इस्त्रीकाकांनी चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता विचारलं, “चिठ्ठीवर काय लिहू?” जसं कधी बघितलंच नाही त्याला.

धाकट्याने घसा साफ केला. आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला, “लिहा, मालकीणबाईंचा धाकटा भाऊ. त्यांनीच वाढवलंय मला. याच दुकानावर.”

भांडखोर बाई म्हणाल्या, “मग आधी का नाही सांगितलंत?” दुकान हसलं. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, मग फळीवर उरलेल्या लोकरीच्या धाग्याच्या गुंड्याकडे, मग माझ्याकडे. हात जोडून इतके वाकले की मागचे दंतवैद्य मागे सरले. एक शब्द बोलले नाहीत. म्हणजे ते शहाणे आहेत.

मी उठले. डोळे पुसायला वेळ नव्हता, तसेच राहू दिले. म्हटलं, “एवढं लांबलचक पट्टीवर मावत नाही.” लाल दोरा शोधायला तीन खण उघडावे लागले. ‘धाकटा’ लिहिलं, टाके घातले. साहेबांच्या कोटावर लिहिलं, ‘धाकट्याचे साहेब’. त्यांनी वाचलं आणि मान डोलावली.

“किती शर्ट आहेत, कसले आहेत, कधी हवेत?” मी विचारलं. जरा टोचून बोलायचा हक्क आहे मला.

“सात. साधे. घाई नाही.”

“शनिवारी मिळतील.”

“बरं,” धाकटा म्हणाला. “मग उद्या येऊन विचारतो, झाले का.”